बारा मिनिटांचा सांधा

निनाद जगदाळेला आपले वडील गेल्याचं कळलं, त्याच्या बारा मिनिटं आधीच तो रडून मोकळा झाला होता.

म्हणजे मंगळावरचा खरा निनाद नव्हे. तो त्या वेळी बर्फाच्या विहिरीवर यंत्राचं झिजलेलं पातं बदलत होता, आणि त्याच्या लेखी पप्पा कऱ्हाडच्या दवाखान्यात अजून श्वास घेत होते. रडला तो पडद्यावरचा निनाद. "आई, मी आहे ना गं. तू एकटी नाहीस," असं तो घोगऱ्या आवाजात म्हणाला आणि आईनं पडद्याला दोन्ही हात लावून हंबरडा फोडला. शर्वरी शेजारीच उभी होती. आपला भाऊ इतकं नेमकं बोलतो याचं तिला नवल वाटलं नाही, कारण ते बोलणं तिनंच त्याला शिकवलं होतं. चोवीस मिनिटांनी खऱ्या निनादचा निरोप आला तेव्हा आईला गोळी देऊन झोपवलं होतं. त्या निरोपात एकच शब्द होता. "कधी?" आणि मग काहीतरी जड खाली पडल्याचा आवाज.

शर्वरीनं तो निरोप आईला ऐकवला नाही. आईचं सांत्वन तर झालंच होतं.

हा सगळा घोळ प्रकाशामुळे. प्रकाश सेकंदाला तीन लाख किलोमीटर धावतो, आणि त्या आठवड्यात मंगळ पृथ्वीपासून साडेएकवीस कोटी किलोमीटरांवर होता. निरोप जायला बारा मिनिटं, उत्तर यायला बारा. इतक्या अंतरावरून कुणी कुणाशी गप्पा मारत नाही, पत्रंच पाठवतो. पण पृथ्वीवरच्या माणसांना पत्रांची सवय कधीच सुटली होती. मंगळावर वस्ती झाली तशी तिथल्या माणसांची इथली घरं मोडू लागली. बोलणं तुटत गेलं आणि मग माणसंच तुटली. त्यावर उपाय म्हणून पुण्यातल्या एका संस्थेनं जे यंत्र काढलं त्याचं नाव 'सांधा'. पलीकडच्या माणसाची अनेक वर्षांची पत्रं, बोलणी, भांडणं, सगळं त्याला शिकवायचं. तुम्ही बोललात की पलीकडचा काय म्हणेल हे सांधा ताडायचा आणि त्याच्याच आवाजात, त्याच्याच चेहऱ्यानं लगेच बोलायचा. खरं उत्तर मागाहून यायचं. दोन्ही ताडून पाहायला संस्थेत 'ताळा' म्हणत. शंभरातल्या चौऱ्याण्णव वेळा ताळा जमायचा. उरलेल्या सहा वेळा पडद्याच्या कोपऱ्यात दुरुस्तीची बारीक ओळ यायची. ती वाचायला सुरुवातीला लोक धावायचे, पुढे कुणी वाचेनासं झालं.

शर्वरी या संस्थेत ताळ्याच्या विभागाची प्रमुख होती. कऱ्हाडमध्ये तिचं कौतुक होतं. फक्त घरातल्या एका माणसानं सांधा कधी वापरला नाही, आणि ते म्हणजे पप्पा.

नितीन जगदाळे सरांनी चौतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. निनादशी बोलायचं तर ते गच्चीवर खुर्ची टाकून बसत, वहीत लिहून आणलेले दोन-तीन प्रश्न विचारत, मग उठून कुंड्यांना पाणी घालत, जुना रेडिओ उघडून बसत आणि उत्तर यायच्या मिनिटाला बरोबर परत खुर्चीत येत. एकदा शर्वरी चिडून म्हणाली होती, "पप्पा, जगातली माणसं रांगा लावतात माझ्या यंत्रासाठी. आणि तुम्हाला त्याची लाज वाटते?"

"लाज कशाला वाटेल? तुझं यंत्र फार हुशार आहे," पप्पा म्हणाले. "पण मला निनादशी बोलायचंय."

हे तिला लागलं ते लागलंच. सहा वर्षं त्यावर दोघं बोलले नाहीत.

दहाव्या दिवशी सकाळी कृष्णाकाठच्या घाटावर पंचवीस-तीस माणसं जमली होती. मुलगा मंगळावर, म्हणून पिंड शर्वरीनं मांडला. अण्णाकाका, म्हणजे पप्पांचे थोरले भाऊ, आधी जरा कुरकुरले होते. मग म्हणाले, "मांड पोरी. त्यानं तुमच्या दोघांत कधी डावं-उजवं केलं न्हाई."

दोन पायऱ्या खाली दुसऱ्या एका घराचा पिंड होता. तिथं सुनेनं "सासूबाई, तुमची मांजर मी सांभाळीन" असं म्हणायचा अवकाश, कावळ्यानं झडप घातली. ती मंडळी हसत-रडत निघूनही गेली. जगदाळ्यांच्या पिंडापाशी मात्र कावळा यायचा, मान वाकडी करून बघायचा आणि परत उंबरावर जाऊन बसायचा.

गेलेल्या माणसाची इच्छा अडकली असेल तर कावळा शिवत नाही, आणि ती इच्छा कोणती हे सांगायला तो माणूस नसतो. मग मागे राहिलेले अंदाज बांधतात, एकेक वचन देऊन बघतात. त्या दिवशीही तसंच चाललं होतं.

"सर, शाळेची दुर्बीण आम्ही गंजू देणार नाही," एक जुना विद्यार्थी हात जोडून म्हणाला. कावळा हलला नाही.

"पप्पा, आईला मी अंतर देणार नाही," शर्वरी म्हणाली. कावळ्यानं चोच फांदीला घासली.

"नित्या, आरं काय ऱ्हायलंय तुजं? सांग की आता," अण्णाकाका कळवळून म्हणाले. "रानातली वाट मी देतो त्या मोहित्यास्नी. तू म्हनत हुतास ना? दिली बघ!" तेही नाही.

तास गेला. दगड तापले. आई सकाळपासून उपाशी होती, तिला साखरेचा त्रास, आणि ती अनवाणी उभी. गुरुजी हळूच म्हणाले, "दर्भाचा कावळा करून उरकू या का? चालतं तसं."

"नाही," आई म्हणाली. "त्यांचा जीव निनादमध्ये अडकलाय. निनादला विचारा."

शर्वरीला नेमका हाच प्रश्न नको होता. कारण निनादनं तिला, आणि तिच्या समजुतीनं तिला एकटीलाच, दोन महिन्यांपूर्वी कळवलं होतं की तो परत येणार नाही. त्याची मुदत संपत आली होती, वर्षभरानं तिकडून जहाज सुटणार होतं, आणि त्यात तो बसणार नव्हता. त्यानं खणलेल्या विहिरीवर आता चाळीस माणसं जगत होती. "आईला मी सांगेन, पण अजून शब्द सापडत नाहीत," असं त्यानं लिहिलं होतं.

आईनं हातातला पडदा पिंडासमोर धरला. घड्याळात दहा अडतीस झाले होते. "निनाद, कावळा शिवत नाही रे. तू परत येशील का, तेवढं पप्पांना सांग."

पडद्यावरचा निनाद क्षणभर थांबला. मग म्हणाला, "आई, एवढं मला स्वतः ऐकू दे."

हे कुलूप होतं. सांध्यानं काय वाट्टेल ते बोलावं, पण वचन, संमती आणि नकार या तीन गोष्टी त्यानं ताडायच्या नाहीत. तिथं त्यानं थांबायचं आणि खऱ्या माणसाची वाट बघायची. हा नियम शर्वरीनंच भांडून करून घेतला होता, आणि ते कुलूप उघडायचा अधिकार ज्या चौघांना होता त्यांत ती एक होती.

"ऐकू दे म्हणजे?" आईचा आवाज चढला. "तुझा बाप इथं ताटकळलाय! बोल ना रे!" आणि ती मटकन खाली बसली. तिचे ओठ पांढरे पडले होते.

चोवीस मिनिटं. शर्वरीनं आईकडे पाहिलं, उंबराकडे पाहिलं. चोवीस मिनिटांनी येणारं उत्तर काय असणार हेही तिला ठाऊक होतं. तिनं पडद्याकडे पाठ करून मनगटावरच्या यंत्रावर अंगठा टेकवला. त्या वेळी तिला ती दया वाटली.

"पप्पा," पडद्यावरचा निनाद म्हणाला, "मी परत येतो. पुढच्याच जहाजानं."

कावळा उंबरावरून सरळ खाली आला आणि भाताचा घास घेऊन उडाला. दहा एक्केचाळीस. घाटावरची सगळी माणसं एकदम हात जोडून उभी राहिली. अण्णाकाका लहान मुलासारखे रडले. आईचा चेहरा दहा दिवसांत पहिल्यांदा सैल झाला.

तिचा प्रश्न त्या वेळी जेमतेम साडेपाच कोटी किलोमीटर गेला होता. ज्याला विचारलं होतं, त्याला अजून काही विचारलंच गेलं नव्हतं.

मंडळी घराकडे निघाली. "हात-पाय धुऊन येते," असं सांगून शर्वरी पायरीवर बसून राहिली. पाण्यात पाय सोडून बसल्यावर तिला पप्पांचा वर्ग आठवला. ती त्यांच्याच वर्गात होती, आठवीत.

पप्पा सांगत होते की प्रकाशापेक्षा जोरात काहीच जाऊ शकत नाही. एखादी वस्तू ढकला, तिचा वेग वाढतो. आणखी ढकला, आणखी वाढतो. पण प्रकाशाच्या वेगाजवळ गेलं की तीच वस्तू हट्टाला पेटते. जितकं जास्त ढकलावं तितका वेग कमी कमी वाढतो, आणि शेवटचा केसभर वेग वाढवायला सगळ्या विश्वातली शक्ती आणली तरी पुरत नाही. तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली होती, "सर, मन जातं की! मी आत्ता मंगळावर जाऊन आले."

वर्ग हसला. पप्पा हसले नाहीत. "गेलीस? छान. तिथून काय आणलंस?"

"काही नाही."

"तिथं आत्ता वादळ आहे की ऊन आहे?"

"माहीत नाही, सर."

"मन कुठंही जातं, बाळ. पण रिकाम्या हातानं जातं आणि रिकाम्या हातानं येतं. प्रकाश उशिरा पोचतो, पण तिथलं काहीतरी घेऊन येतो." मग खडू खाली ठेवून ते म्हणाले होते, "आणि समजा, निरोप प्रकाशाच्या पुढे पळाला असता, तर काय झालं असतं? तर अशी गणितं मांडता येतात की कुणाला तरी उत्तर आधी मिळेल आणि प्रश्न नंतर विचारला जाईल. मूल आधी आणि आई नंतर. असं घर चालेल का? विश्वाला ही वेशीवरची चौकी त्यासाठी लागते. आधी कारण, मग परिणाम. ही रांग कुणाला मोडता येत नाही."

ही रांग आपण मोडली, हे शर्वरीला पायरीवर बसल्या बसल्या उमगलं. उत्तर आधी आणवलं, प्रश्न पोचायच्याही आधी. विश्वात ते होत नाही, म्हणून खोटं करून घेतलं. आणि तेही पप्पांच्याच पिंडापुढे.

दहा त्रेपन्नला मनगटावर कंप झाला. निनाद.

तिनं दचकून घड्याळ पाहिलं. आईचा प्रश्न दहा अडतीसचा, त्याचं उत्तर अकरा दोनच्या आत येणं शक्यच नव्हतं. पप्पांच्या चौकीवरून कुणी सुटत नसे. म्हणजे हे उत्तर नव्हतं. हा निरोप दहा एक्केचाळीसला, कुणी काही विचारलेलं नसताना, निनादनं आपणहून पाठवला होता. कऱ्हाडमध्ये दहाव्याची वेळ कोणती असेल याचा हिशेब करून तो तिकडे एकटाच बसला होता.

"पप्पा," खरा निनाद म्हणत होता. त्याचा आवाज सांध्यापेक्षा सपाट होता. दोन वाक्यांच्या मध्ये तो इतका थांबायचा की निरोप तुटला असं वाटावं. "तिकडे कावळा असेल आत्ता. तुम्ही मागच्या महिन्यात म्हणालात, मी गेल्यावर हे लोक तुला कावळ्यापुढे उभं करतील. खोटं बोलू नकोस, कावळ्याला थांबू दे. मला हसू आलं होतं तेव्हा." बराच वेळ काही नाही. "मी येणार नाही, पप्पा. तुम्हाला माहीत होतं. पण एक करतो. आईशी यापुढे मी स्वतः बोलेन. रोज. सांधा नको. उशिरा पोचेल, तरी मीच बोलेन. हे वचन."

शर्वरीनं वेळ पुन्हा तपासली. कावळा शिवला दहा एक्केचाळीसला. हे शब्द निघाले दहा एक्केचाळीसला. मधे बारा मिनिटांची दरी, इकडचं तिकडे कळायला वाट नाही आणि तिकडचं इकडे. एवढ्या दूरच्या दोन घटनांत आधी कोणती आणि नंतर कोणती, हे बघणारा किती वेगानं कुठं चालला आहे त्यावर ठरतं. कुणी म्हणेल कावळा आधी, कुणी म्हणेल निनाद आधी, आणि दोघंही बरोबर.

अकरा सहाला दुसरा निरोप आला. आता त्याच्यापर्यंत घाटावरचं सगळं पोचलं होतं. सांधा कुणाच्या नावानं काय बोलला याची नोंद त्या माणसाला पाठवायची, असा कायदाच होता.

"शर्वरी, कुलूप उघडलंस तू?" मग पुष्कळ वेळ नुसता श्वास. "पप्पांना माझ्या तोंडून तू खोटं सांगितलंस."

ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं.

घरी पोचली तेव्हा आईनं निनादची खोली उघडली होती. गादी उन्हात टाकली होती. शेजारणीला ती सांगत होती, "वर्ष काय, बघता बघता जाईल. त्याला इथलं ऊन सोसेल का गं आता?"

शर्वरीनं अण्णाकाकांना मागच्या दारी बोलावून सगळं सांगितलं. ते पायरीवर बसले. टोपी काढून त्यांनी डोक्यावरून हात फिरवला.

"सांगू नगंस," ते म्हणाले. "जहाज वरसानं सुटनार, मग इथवर यायला आनि सात-आठ म्हैनं. तवर आमी असू-नसू. तुजं यंत्र बोलतंय न्हवं त्याच्यावानी? मग बोलू दे की. तिला कुटं कळतंय!"

"कळणार नाही," शर्वरी म्हणाली. "तेच तर, काका. तिला कधीच कळणार नाही." आणि तिला रडू फुटलं. पप्पा गेल्यापासून ती पहिल्यांदा रडत होती.

काकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. पण ते पुन्हा "सांगू नगंस" म्हणाले नाहीत.

दुपारी माणसं पांगल्यावर शर्वरीनं आईला गच्चीवर नेलं. सांधा बंद केला आणि निनादचे निरोप ओळीनं ऐकवले. "कधी?" हा पहिला आणि त्यामागचं ते पडणं, मग घाटाच्या वेळचा, मग तिला स्वतःला आलेला. आणि आपण काय केलं तेही सांगितलं.

आईनं पहिला निरोप पुन्हा लावायला सांगितला. मग म्हणाली, "माझ्याजवळ पहिल्या दिवशी रडला, तोही तो नव्हता?"

"नाही, आई."

"मी त्याच्या गळ्यात पडून रडले गं." तिनं आपल्या हातांकडे पाहिलं. "कावळ्याला फसवलंस. तुझ्या बापाला फसवलंस. आणि दहा दिवस मला!"

शर्वरीनं मान खाली घातली. 

"मग कावळा कुणाच्या बोलण्यानं शिवला?" आईनं थोड्या वेळानं विचारलं.

"माहीत नाही. निनादचं बोलणं तेव्हा इथं पोचलं नव्हतं. आणि जे पोचलं ते निनादचं नव्हतं."

"म्हणजे?"

"त्याला भूक लागली असेल, आई."

आईच्या तोंडावर हसू आलं आणि लगेच मोडलं. "तुझा बापसुद्धा हेच म्हणाला असता," ती म्हणाली आणि पदरात तोंड खुपसून रडली. शर्वरी जवळ गेली, तेव्हा तिनं तिला दूर लोटलं नाही, जवळही घेतलं नाही.

ऊन कलल्यावर आई उठली. भिंतीला लावलेली पप्पांची खुर्ची तिनं स्वतः ओढून मधे आणली आणि तीत बसली. या खुर्चीत ती आजवर कधी बसली नव्हती.

"लाव त्याला," ती म्हणाली. "ते मधलं नको."

शर्वरीनं यंत्र पुढे ठेवलं. पडदा काळाच होता. त्यात चेहरा नव्हता, हुंकार नव्हता, काहीच नव्हतं. आईला कुणाशी बोलायचं ते कळेना. दोनदा तिनं तोंड उघडलं आणि मिटलं.

"निनाद," ती शेवटी म्हणाली, "तुझ्या विहिरीचं पाणी गोड आहे का रे?"

मग मागे टेकून बसली. "झालं," ती म्हणाली. "आता जाऊ दे त्याला."

दोघी बसल्या. पाच मिनिटांनी आईनं विचारलं, कुठवर गेला असेल? नऊ कोटी किलोमीटर, शर्वरीनं सांगितलं. आईनं मान डोलावली, उठून कुंड्यांना पाणी घातलं, कढीपत्त्याची वाळकी पानं खुडली. बारा मिनिटं झाली तेव्हा ती हातातलं टाकून उभी राहिली. "आत्ता ऐकत असेल," ती म्हणाली आणि आकाशाकडे बघत राहिली, भलत्याच दिशेला. शर्वरीनं तिला दुरुस्त केलं नाही. आपण इतकी वर्षं बुजवत आलो ते हेच, असं तिच्या मनात आलं. या चोवीस मिनिटांत पप्पा मुलाला भेटत होते.

वेळ भरली. पडद्यावरचा बारीक दिवा लागला. आई घाईनं खुर्चीत येऊन बसली.

ऐकू काहीच आलं नाही. दहा सेकंद, वीस सेकंद. नुसती पोकळी, आणि खूप आत कुठंतरी यंत्राची घरघर. शर्वरीचा हात सवयीनं पुढे गेला. असं रिकामं पडलं की भरायचं, हेच तर तिनं आयुष्यभर केलं होतं.

आईनं तो हात वरच्या वर धरला.

"थांब," ती म्हणाली. "तोच आहे."

पलीकडे निनादनं नाक ओढलं. मग म्हणाला, "आधी खारट लागायचं, आई. आता गोड लागतं."